डावा पाय आणि बाकीचा माणूस

आमच्या महाडच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात कोणाही माणसाबद्दल एकच मत ठेवलं नाही. प्रत्येकाबद्दल त्यांची दोन मतं असत, आणि ती दोन्ही ते त्या माणसाच्या तोंडावर, एका दमात सांगून मोकळे होत. मी शाळेतल्या नोकरीसाठी महाडला आलो आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहू लागलो. आठवड्याभरातच त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की माझं शिकवणं चांगलं आहे असं त्यांच्या कानावर आलंय, पण भाडेकरू म्हणून मी कच्चा आहे, नळ नीट बंद करत नाही. मी ओशाळलो. ते मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच प्रसन्न चेहऱ्याने सांगून खाली निघून गेले. पुढे कळलं की हा प्रसाद साऱ्या गावाला मिळालेला आहे. आमच्या आळीतल्या न्हाव्याला त्यांनी हात हलका पण जीभ जड असल्याचं सांगितलं होतं, तेही तो वस्तरा त्यांच्या गळ्याशी धरून उभा असताना. शेजारचे एक वकील वारले तेव्हा शोकसभेत हे उठले आणि म्हणाले की वकील म्हणून साहेबांसारखा माणूस तालुक्यात झाला नाही, आणि शेजारी म्हणून त्यांच्यासारखा पुन्हा होऊ नये. वकिलांच्या मुलाने पहिल्या वाक्याला हात जोडले होते. ते दुसऱ्या वाक्यानंतर तसेच राहिले, सोडावेत की नाही हे त्याला कळेना.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. एस.टी.च्या आगारात टायरच्या विभागात नोकरी करून ते निवृत्त झाले होते, पण टायरांबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी चार शब्द ऐकले नाहीत. त्याआधी, ऐन तारुण्यात, ते मुंबईत एका कंपनीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते, आणि मनाने ते अजून तिथेच उभे होते. शरीरानेही म्हणायला हरकत नाही. दारात कोणाशी बोलायला आले की पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले आणि भार चवड्यांवर. त्या उंबऱ्यातून डावीकडून किंवा उजवीकडून आत जाणं मांजरालाही जमत नसे. बाजारातल्या भाजीवालीला त्यांची सवय ठाऊक होती. ती दुधी हातात न देता त्यांच्याकडे भिरकावायची आणि भाऊ तो छातीशी कवटाळून एका खांद्यावर वळायचे, जणू मागून कोणी पाय घालणार आहे. एकदा माझ्या बायकोच्या हातून गच्चीवरून कप निसटला. तो फुटल्याचा आवाज येईना म्हणून तिने खाली वाकून पाहिलं, तर भाऊ कप दोन्ही हातांत धरून वर बघत होते आणि चहात साखर जास्त असल्याचं सांगत होते.

फुटबॉलचे मोठे सामने टीव्हीवर आपल्याकडे रात्री-अपरात्री लागतात. भाऊ जागत नसत. सकाळी तोच सामना पुन्हा दाखवतात, तो ते आंघोळ करून, खांद्यावर टॉवेल टाकून, पाठ न टेकता स्टुलावर बसून बघत. अडचण एवढीच होती की तोवर निकाल जगाला कळलेला असायचा. तो आपल्या कानावर येऊ नये म्हणून सामन्याच्या दिवशी ते कोणाशी बोलत नसत. पेपर वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तांदळाच्या डब्यात लपवून ठेवत. दूधवाल्याने एकदा नुसतं "काय भाऊ, गेले तुमचे" एवढंच म्हटलं, तर पुढचे पंधरा दिवस त्या घरात पिशवीचं दूध आलं. सामना बघताना आवाज बंद असायचा. कारण विचारलं तर म्हणाले, समालोचन करणारे खेळ सांगायचं सोडून खेळाडूच्या गाड्या सांगतात, बंगले सांगतात, कोणाचं कोणाशी जमलं नि फाटलं ते सांगतात. मध्यंतरी परदेशातल्या कुठल्याशा नामांकित खेळाडूवर घरच्याच माणसांना छळल्याचा खटला झाला. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर पोरांत दोन तट पडले. एक म्हणे, आता याचा खेळ बघणंच पाप आहे. दुसरा म्हणे, सगळं खोटं आहे, एवढा मोठा खेळाडू असं करणारच नाही. भाऊ चहा पिता पिता ऐकत होते. ग्लास खाली ठेवून त्यांनी निकाल दिला.

"तुम्ही दोघं सारखेच रे. याला गोल बघायचा नाय, त्याला गुन्हा बघायचा नाय. डोळे दोन हायत ना?"

ते असं का बोलतात हे कळायला मला वर्ष लागलं.

भाऊंच्या बाहेरच्या खोलीत त्यांच्या जुन्या संघाचा फोटो होता. भिंतीवर पुराच्या पाण्याची जी रेघ उठली होती, तिच्या वर हातभर. कोणी नवा माणूस आला की ते प्रत्येक खेळाडूचं नाव, गाव आणि जागा सांगत. फक्त एका उंच, हसऱ्या, कुरळ्या केसांच्या तरुणाशी आले की नाव सांगत नसत. बोट त्याच्या चेहऱ्यावर न ठेवता खाली बुटावर ठेवत आणि म्हणत, "हा डावा पाय." मग त्या पायाची कहाणी सुरू व्हायची. हा डावा पाय आणि भाऊ एकाच वाडीतले, पोलादपूरहून उमरठच्या अंगाला जाताना लागणाऱ्या. दोघंही लहानपणी मुंबईला नातेवाइकांच्या चाळीत शिकायला गेले, चाळीच्या पटांगणात चेंडूच्या नादाला लागले आणि मे महिन्यात गावी आले की कापणी झालेल्या खाचरांत बुद्धविहाराच्या मागे खेळत. तो मारायचा, भाऊ अडवायचे. भाऊंच्या उजव्या हाताची करंगळी कायमची बाहेर वळलेली आहे, ती त्याच दिवसांतली. ते ती पाहुण्यांना फार कौतुकाने दाखवत. पुढे दोघांना एकाच कंपनीत नोकरी लागली. भाऊ बेताचे कीपर होते, हे ते स्वतःच सांगतात. डावा पाय मात्र राज्याच्या संघात गेला, पेपरात त्याचे फोटो आले, परळपासून माहीमपर्यंतची पोरं त्याच्यासारखे मोजे खाली पाडून खेळू लागली.

आणि मग तो गोल. मुंबईतल्या एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना, दोन्हीकडे एकेक गोल, शेवटची दहा मिनिटं. भाऊंनी हाताने फेकलेला चेंडू डाव्या पायाने अर्ध्या मैदानावर घेतला, तिघांना चकवलं, पण चकवता चकवता तो पार कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ जाऊन पोचला. तिथून गोल दिसतही नाही. सगळ्यांना वाटलं, आता चेंडू आत टाकेल. त्याने पायाच्या बाहेरच्या कडेने असा फटका मारला की चेंडू मैदानाबाहेर जातोय असं वाटता वाटता वळला आणि लांबच्या खांबाला आतून लागून जाळ्यात शिरला. हा गोल भाऊंनी मला काडेपेटी, मिठाची वाटी आणि स्टीलचे पेले मांडून इतक्या वेळा दाखवला की जेवताना पेला सरकला तरी मला कोपऱ्यातला झेंडा दिसायचा. सांगताना त्यांचा आवाज शेवटी अगदी लहान होई. "मी पलीकडच्या गोलात होतो सर. एवढ्या लांबून पन मला कळलं, असं पुन्हा होनार नाय."

त्यांची धाकटी बहीण पोलादपूरला राहायची. अंगणवाडीत नोकरी करून ती निवृत्त झाली होती. सगळे तिला आत्या म्हणत. एका रविवारी ती भावाकडे जेवायला आली, आम्हीही खाली होतो, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी मूर्खासारखा म्हणालो की तुमच्या वाडीतल्या त्या मोठ्या खेळाडूच्या कथा भाऊंकडून ऐकून ऐकून मला पाठ झाल्यात. वहिनींच्या हातातला डाव भातात तसाच राहिला. भाऊ ताटाकडे बघू लागले. आत्यांनी मात्र शांतपणे मला आमटी हवी का विचारलं. संध्याकाळी वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं तेव्हा उलगडा झाला. तो डावा पाय हा आत्यांचा नवरा होता. लग्न भाऊंनीच जमवलं होतं. मुलगी दीड वर्षाची असताना तो येईनासा झाला. मुंबईत त्याने दुसरं घर केलं, दारू वाढली, खेळ सुटला, नोकरी गेली. आत्यांनी पोलादपूरला खोली घेतली, अंगणवाडीत लागल्या, मुलीला नर्स केलं. भाऊ तेव्हा मुंबईची नोकरी सोडून एस.टी.त आले ते बहिणीच्या जवळ असावं म्हणून. तेव्हापासून भाऊंनी त्या माणसाचं नाव घेतलं नाही, त्याच्याशी बोलले नाहीत, तो दोनदा दारात आला तेव्हा त्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

मला राहवेना. दोन दिवसांनी मी त्यांना विचारलं की ज्या माणसाने तुमच्या सख्ख्या बहिणीला टाकलं त्याचा गोल तुम्ही आल्यागेल्याला कसा सांगू शकता? ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ करंगळी चोळत बसले.

"गोल झाला तो झाला, सर. तो आता कसा काढून घेऊ? आनि बहिनीला टाकली ती टाकली. ती तरी कशी काढून घेऊ? दोन वेगळ्या खोल्या हायत. मधलं दार मी लावून घेतलंय."

मधलं दार उघडायची वेळ गेल्या वर्षी आली. तो मुंबईत वारल्याची बातमी आली. वाडीची माणसं जाऊन आली, भाऊ गेले नाहीत. महिन्याभराने पोलादपूरची चार तरुण मुलं मोटारसायकलींवरून भाऊंकडे आली. त्यांनी फुटबॉलचं मंडळ काढलं होतं, तालुक्यातला एवढा मोठा खेळाडू म्हणून त्याच्या नावाने स्पर्धा भरवायची होती. त्याचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेला, त्याच्याबरोबर खेळलेला माणूस आता भाऊंशिवाय कोणी नव्हता, तेव्हा उद्घाटनाला त्यांनीच बोलावं. इथवर ठीक होतं. मग त्यांच्यातला जरा बोलका मुलगा म्हणाला की आत्यांनाही स्टेजवर बसवू, शाल देऊ, त्यांच्या हस्ते करंडक देऊ. भाऊंनी विचारलं, कोण म्हणून? मुलगा गडबडला. म्हणाला, त्यांच्या मिसेस म्हणून.

भाऊ म्हणाले की बोलायचं तर मी दोन्ही बोलेन, गोलही सांगेन आणि बाकीचंही सांगेन. मुलं चुळबुळली. गेलेल्या माणसाबद्दल स्टेजवर असं कसं बोलायचं, पाहुणे असणार, लहान मुलं असणार, असं त्यांनी फार अदबीने सुचवलं. पोरं वाईट नव्हती. त्यांना एक मोठा माणूस हवा होता, आणि तो त्यांना अख्खा हवा होता. भाऊंनी आठ दिवसांची मुदत मागितली आणि मुलं गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, रविवारी पोलादपूरला येता का? एकट्याने जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

आम्ही सकाळच्या एस.टी.ने गेलो. आत्यांची खोली आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. त्या ओटीवर परातीत मोड आलेले वाल घेऊन सोलत बसल्या होत्या. भाऊंनी पाणी प्यायलं, हवेचं बोलले, रस्त्याच्या कामाचं बोलले, मग एकदाचं मुलांचं सांगितलं. शाल, करंडक, स्टेज, सगळं. आत्या सालं काढत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "दादा, त्याचा तो गोल तू सगळ्या तालुक्याला सांगितलास. मला कवा सांगितला नाय."

भाऊ माझ्याकडे बघू लागले, जणू मी काही बोलावं. "तुला कसा सांगू गो," असं काहीसं पुटपुटले.

"सांग की आता."

आणि भाऊंनी सांगितला. जवळ काडेपेटी नव्हती, पेले नव्हते. त्यांनी परातीतले वाल उचलून ओटीवर मांडले. हा मी, हा तो, हे तिघं समोरचे. नेहमी झरझर चालणारी गोष्ट त्या दिवशी अडखळत चालली. कोपऱ्यातल्या झेंड्याशी आल्यावर ते थांबले, बहिणीकडे न बघता शेवटचा वाल त्यांनी वळवून वळवून जाळ्यात नेला. आत्या लक्ष देऊन बघत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं की हा सामना कधीचा. भाऊंनी सांगितलं, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. मुलीचं बारसं झालं त्याच वर्षाचा.

आत्यांचे हात थांबले.

"त्या रविवारी तो आम्हाला न्यायला येनार होता," त्या म्हणाल्या. "मी मुलीला घेऊन सकाळपासून स्टँडवर. शेवटच्या गाडीपर्यंत बसले. नंतर म्हनाला मॅच होती. मला खरं वाटलं नाय. तवा त्याचं काहीच खरं वाटायचं नाय."

भाऊंनी त्या दिवशी चेंडू स्वतःच्या हाताने फेकला होता. मॅच खरंच होती हे ते एका शब्दाने सांगू शकले असते, पण कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी तर मधलं दार लावून घेतलं होतं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. उशिरा उडी मारलेला गोलकीपर जमिनीवरून मागे वळून बघतो, तसे ते बघत होते.

"म्हंजे त्या दिवशी तरी खोटं बोलला नव्हता," आत्या म्हणाल्या, आणि हसल्या. मग मांडलेले वाल एकेक करून परातीत गोळा केले आणि म्हणाल्या की स्पर्धेला त्या येतील. शाल नको. बाकी भाऊंनी फक्त गोल सांगावा, आपलं काय ते त्या बघतील.

स्पर्धा पोलादपूरच्या बाहेर, भात कापून रिकाम्या झालेल्या माळावर झाली. मुलांनी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, त्यातली एक वाकडी होती आणि ती भाऊंनी आल्याआल्या दाखवून दिली. खेळाडूंत मुलींचेही दोन संघ होते. आत्यांच्या मुलीने पनवेलहून फोन करून मी येणार नाही असं कळवलं होतं. आत्यांनी तिला काही म्हटलं नाही. भाऊंनी बोलायला उभं राहून गोल सांगितला, आणि इतका सुंदर सांगितला की मागे वडापावच्या गाडीजवळची माणसंही पुढे सरकली. टाळ्या झाल्या. त्या बोलक्या मुलाने घाईघाईने माइक हातात घ्यायला हात पुढे केला, पण तोवर आत्या उठल्या होत्या.

"सगळ्यांना जय भीम," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाने सांगितला तो गोल खरा हाय. तो झाला त्या वेळी मी हितं, आपल्या स्टँडवर, लहान मुलीला घेऊन त्याची वाट बघत होते. तो आला नाय. न्यायला तो पुढे कवाच आला नाय. ते पन खरं हाय. खेळ फार चांगला होता त्याचा, असं सगळे म्हनतात. मला त्या दिवशी बघता आला असता तर बघितला असता." मग अंगणवाडीतल्या पोरांना सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "आता सुरू करा. ऊन वर येतंय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मुलींच्या एका संघातली कीपर उठली, हातमोजे चढवले आणि मैदानात जाऊन गोलाच्या खांबांमध्ये उभी राहिली, आणि तिच्या मागून सगळ्या गेल्या. भाऊ खुर्चीवर पुढे सरकून तिची उभी राहण्याची पद्धत बघू लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी कोणाबद्दलच कसलंही मत दिलं नाही. परतीच्या गाडीत मात्र मला म्हणाले की स्पर्धा चांगली झाली. मी दुसऱ्या वाक्याची वाट पाहिली. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

या वर्षी माझी बदली झाली आणि आम्ही महाड सोडलं. निघताना भाऊंनी नळाबद्दल काही म्हटलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. परवा त्यांना फोन केला. ते पोलादपूरला निघाले होते. हल्ली दर रविवारी ते तिथे मुलींना गोलकीपिंग शिकवायला जातात, आणि आत्या माळाच्या कडेला चटई टाकून बसतात. मी विचारलं, आत्यांना खेळ समजू लागला का?

"कुठला, सर. ऑफसाइड म्हंजे काय ते दर रविवारी विचारते. मी दर रविवारी सांगतो. काठ्या मांडून सांगतो, दगड मांडून सांगतो. मान हलवते आनि पुढच्या रविवारी पुन्हा विचारते." मागे स्टँडवरच्या भोंग्याचा आवाज येत होता. "मला वाटतं, तिला कवाच कळलंय."

मग विचारतात कशाला, असं मी म्हटलं.

"मी सांगत बसावं म्हनून," भाऊ म्हणाले, आणि गाडी लागली म्हणून त्यांनी फोन ठेवला.